स्वर थकल्यानंतर

२०२५ सालच्या जुलै महिन्यात एके दिवशी दुपारी डबे उघडून बसलो असता आमच्या कचेरीत एका गायकाच्या मृत्यूवरून वाद जुंपला. गायक इंग्लंडातला, ओझी ऑस्बोर्न नावाचा. ‘ब्लॅक सॅबथ’ या रॉक संगीताच्या वृंदातला मुख्य आवाज त्याचा. कंपवाताने शरीर जर्जर झालेले, उभे राहण्याची ताकद उरलेली नाही, अशा स्थितीत ५ जुलै रोजी त्याने आपल्या जन्मगावी, बर्मिंगहॅम येथे, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून हजारो श्रोत्यांपुढे अखेरचे गायन केले आणि २२ जुलै रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी तो वारला. ही हकीकत सांगताना आमच्या एका तरुण सहकाऱ्याचे डोळे पाणावले. त्याच्यासमोर बसलेले दुसरे सहकारी, ज्यांच्या निवृत्तीस आता दोनच वर्षे उरली आहेत, ते मात्र शांतपणे म्हणाले, “ज्याला सिंहासारखा वावरताना पाहिला, त्याला खुर्चीत बसवून आणलेला आपण का पाहावा?”

हे गृहस्थ अरसिक मुळीच नव्हेत. आम्ही राहतो त्या हेब्बाळहून बल्लारी रस्त्याने शहराकडे निघाले की मेखरी सर्कलपाशी पॅलेस ग्राउंड्सचे विस्तीर्ण मैदान लागते. त्या मैदानावर ४ एप्रिल २००३ रोजी ‘रोलिंग स्टोन्स’ या जगद्विख्यात वृंदाचे गायन झाले, तेव्हा पदरचे पैसे मोडून ते तेथे उभे होते. वृंदाचा नायक मिक जॅगर त्या वेळी साठीला टेकला होता. पुढे ऐंशी उलटल्यावर, २०२४ सालीही, तो दौऱ्यावर होता. याउलट ‘एरोस्मिथ’ या अमेरिकन वृंदाने आपल्या गायकाच्या कंठास झालेली इजा भरून येत नाही असे पाहून त्याच २०२४ साली दौरे कायमचे थांबविले. यांपैकी शहाणा कोण, यावर डब्याची वेळ संपेपर्यंत एकमत झाले नाही.

आम्ही त्या वादात पडलो नाही. त्या संगीताशी आमची फारशी ओळख नाही. परंतु वाद मात्र आमच्या चांगल्याच ओळखीचा होता. बेळगावच्या आमच्या घरी तो आम्ही लहानपणापासून ऐकला होता. फक्त तेथे नाव निराळे होते, आणि ते उच्चारताना आमचे आजोबा नकळत आवाज खाली आणीत. ते नाव होते बालगंधर्व.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. कोवळ्या वयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, अशी परंपरा आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरज येथे शकुंतला होऊन रंगभूमीवर उभे राहिले. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभला. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमाना’तील भामिनी, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, ‘एकच प्याल्या’तील सिंधू आणि ‘द्रौपदी’ या भूमिकांनी पुढची दहा वर्षे अशी भारून टाकली, की पुण्यामुंबईच्या घरंदाज स्त्रिया साडी कशी नेसावी, शेला कसा घ्यावा, हे या पुरुषाकडे पाहून ठरवीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्या रात्रीची वर्णने मराठी घरांतून आजही सांगितली जातात. ज्यांनी ती सांगावयाची ते बहुतेक सर्व, ती रात्र न पाहिलेलेच आहेत.

या वैभवाच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, की पुढच्या सर्व उताराची किल्ली आम्हाला त्यात दिसते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे पुष्कळांना वाटले. नारायणरावांना ते पटले नाही. प्रेक्षक आले आहेत, त्यांना परत पाठवावयाचे नाही, म्हणून ते रंगले, नटले, भामिनी होऊन हसले आणि गायले. वय अवघे बावीस. प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणत, आणि तो केवळ उपचाराचा शब्द नव्हता. ज्या माणसाने बाविसाव्या वर्षी आपले दुःखही मायबापांपुढे गौण मानले, त्याने साठाव्या वर्षी त्याच मायबापांना ‘आता माझ्याने होत नाही’ असे सांगावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

उतार आला तो एकाएकी आला नाही. आणि तो एकपदरीही नव्हता. आवाज थकतो ही देहाची साधी गोष्ट आहे. स्वरतंतू वयाबरोबर विरळ होतात, कंठातील कूर्चा हाडासारख्या कठीण होऊ लागतात, छातीचा भाता पूर्वीइतका भरत नाही. पुरुषाचा आवाज बहुधा पातळ होतो, स्त्रीचा जड होतो. लांब श्वासाची तान मध्येच तुटते. वरचा षड्ज पूर्वी आपण होऊन येत असे, तो आता मागावा लागतो. मैफलीचा गवई अशा वेळी पट्टी उतरवितो, विलंबितात जास्त रमतो, तानेऐवजी मींड घेतो. श्रोत्यांना ते कळते, आणि पुष्कळदा आवडतेही. परंतु बालगंधर्व केवळ गवई नव्हते. ते रुक्मिणी होते. रुक्मिणीला पट्टी उतरविता येईल. वय कोठून उतरविता येणार?

हा दुसरा पदर. स्त्रीभूमिका ही त्यांची कला देहाच्या तारुण्याशी बांधलेली होती. शरीर स्थूल झाले, चेहऱ्यावरची कोवळीक गेली, आणि स्वयंवराला निघालेली राजकन्या पन्नाशीच्या गृहस्थाच्या अंगावर सजवावी लागली. तिसरा पदर काळाचा. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर येऊ नये या समजुतीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची सारी परंपरा उभी होती. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्त्रीपुरुषांची नाटक मंडळी काढली. १९३१ साली हिंदी आणि १९३२ साली मराठी बोलपट आला. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या सुशिक्षित स्त्रिया उभ्या राहिल्या. म्हणजे स्वर थकण्यास, देह थकण्यास आणि ती कला ज्या समजुतीवर जगत होती ती समजूत मोडण्यास एकच मुहूर्त लागला. इतिहासात असा तिहेरी घाव फार थोड्या कलावंतांवर पडला असेल.

अशा वेळी त्यांनी थांबावे, हे सांगणारे हितचिंतक तेव्हाही होते. थांबणे म्हणजे काय, हे मात्र नाटक मंडळीचा संसार ठाऊक असणाऱ्यालाच कळेल. मंडळी म्हणजे केवळ नट नव्हेत. तिच्यात पडदे ओढणारे, रंगपट सांभाळणारे, आचारी, शिंपी, साजिंदे असत. एका बिऱ्हाडात दोन्ही वेळचे पान मांडले जाई. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता. खऱ्या जरीची वस्त्रे, नवे पडदे, उंची अत्तरे यांवर मालकांनी हात आखडता घेतला नाही, आणि हिशेबाकडे तर कधीच पाहिले नाही. कर्जाचा डोंगर झाला. हा डोंगर उतरावयाचा तर तिकिटे खपली पाहिजेत, आणि तिकिटे खपावयाची तर मालकांनीच लुगडे नेसून उभे राहिले पाहिजे. ज्याच्या कंठावर शेकडो पाने वाढली जातात त्याला ‘कंठ मिटा’ असे सांगणे सोपे आहे. ती पाने मग कोणी वाढावी, हे सांगणारा कोणी भेटत नाही.

त्यांनी निराळ्या वाटा शोधल्या नाहीत असेही नाही. १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात ते संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, साधने उत्तम, भूमिका पुरुषाची, वयाला शोभणारी. तरी त्यात त्यांचे मन रमले नाही. समोर मायबाप नाहीत, ‘वन्समोअर’ नाही. एका निर्विकार यंत्रापुढे गावयाचे आणि ‘पुन्हा’ म्हणावयाचे ते दिग्दर्शकाने. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ या बोलपटात ते पुन्हा स्त्रीवेषात आले. पण कॅमेरा जवळून पाहतो. नाटकगृहातील दिव्यांच्या उजेडात दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला जी मीरा दिसली असती, ती पडद्यावर दिसेना. तो काळ परतून आला नाही.

यानंतरच्या कथेला कर्नाटकाचा धागा आहे, म्हणून येथील वाचकांस ती अधिक जवळची वाटावी. विजापूरकडच्या बिळगीच्या कर्नाटकी भगिनींपैकी अमीरबाई हिंदी बोलपटांत गाजल्या. गोहरबाई बालगंधर्वांचेच गाणे गळ्यात घेऊन त्यांच्या मंडळीत आल्या आणि नायिकेची कामे करू लागल्या. महाराष्ट्राने या बाईंना बरेच बोल लावले. आमचे आजोबाही त्यांत होते. त्यांच्या मते देवाची गादी कोणी तरी बळकावली होती. आज इतक्या वर्षांनी पाहता वाटते, की गोहरबाईंचा खरा अपराध एवढाच, की बालगंधर्व म्हातारे झाले ही गोष्ट त्यांच्या रंगभूमीवर असण्यानेच सिद्ध होत होती. पुढे नारायणरावांचे पाय गेले तेव्हा त्यांची सेवा याच बाईंनी केली, आणि १९६४ साली, त्यांच्या तीन वर्षे आधी, त्या गेल्या.

पाय अधू झाल्यावर बालगंधर्वांना उचलून आणून बैठकीवर बसवीत. पुढे पेटी, तबला. आणि ते भजने गात. नाटकातली पदेही लोक मागत, तीही ते म्हणत. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. मान उशिरा आला आणि पैसा तर आलाच नाही. बिदागी मिळेल तेथे जावे लागे. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात पुरे होऊन उघडले ते २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीस. म्हणजे ते गेल्यानंतर वर्षभराने.

आता आमच्या घरातील वाद. आजोबा बेळगावात शाळामास्तर होते. लहानपणी त्यांनी वडिलांच्या मांडीवर बसून गंधर्व मंडळीचा एक प्रयोग पाहिला होता. त्यांच्याजवळ ‘स्वयंवरा’तील पदाची एक तबकडी होती, ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवीत आणि दिवाळीच्या पहाटे लावीत. पुढे एकदा, पन्नासाव्या वर्षांनंतरच्या दशकात, बालगंधर्वांचे भजन गावात व्हावयाचे होते. आजीने जाण्याचा हट्ट धरला. आजोबा म्हणाले, “मी ऐकले आहे ते मला पुरे. आता जाऊन ते पुसून घ्यावयाचे नाही.” आजी शेजारणीबरोबर गेली, आजोबा घरी तबकडी लावून बसले. आजी परतली तेव्हा काय ऐकले ते तिने सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. एवढेच म्हणाली, “माणसे थोडी होती. तुम्ही आला असता तर एक जास्त झाले असते.” हे वाक्य आमच्या घरात पुढे चाळीस वर्षे अधूनमधून ऐकू येत असे.

आजोबांची बाजू कमकुवत होती असे आम्ही म्हणणार नाही. ती मानवी मनाची फार जुनी बाजू आहे. हेब्बाळ गावात २०१८ साली खोदकामात एक वीरगळ सापडला. इ. स. ७५० च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला. बंगळुरातील सर्वांत जुना कन्नड लेख तो हाच, असे अभ्यासक सांगतात. कित्तय्या नावाचा वीर आपल्या भूमीचे रक्षण करताना पडला, त्याची ही शिळा. आम्ही सकाळी फिरावयास जातो तेव्हा कधी कधी त्या बाजूने जातो. शिळेवरचा कित्तय्या शस्त्र घेऊन उभा आहे आणि बारा शतके तसाच उभा राहिला आहे. वीरगळ कोरणारा वीराला त्याच्या सर्वोत्तम क्षणी थांबवितो. लढाईतून जगून वाचलेल्या, पुढे गुडघे धरून ओसरीवर बसलेल्या वीराची शिळा कोणी कोरीत नाही.

रसिक कलावंताचा असाच वीरगळ करू पाहतो. केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमाना’नंतर तीन महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी गेले, त्यांचा आवाज फाटलेला कोणी ऐकला नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ साली एकेचाळिसाव्या वर्षी गेले. दोघांविषयी बोलताना महाराष्ट्राचा स्वर निष्कलंक असतो. बालगंधर्व मात्र ७९ वर्षे जगले, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना आपण ‘शेवटी शेवटी’ असे म्हणून थांबतो. अकाली मरण न येणे हा गुन्हा असल्याप्रमाणे!

जिवंतपणीच स्वतःचा वीरगळ घडविण्याचे धैर्य एका कलावतीने दाखविले. गोव्यातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम आणि त्या तालमीला शोभेल असा करारी स्वभाव. आवाज पूर्वीसारखा ऐकत नाही असे त्यांना स्वतःला जाणवले, लोकांना जाणवण्यापूर्वी. आणि १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणे बंद केले. मिनतवाऱ्या झाल्या, त्या बधल्या नाहीत. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अवकाशात सोडली, त्यांतील सुवर्णतबकडीवर जगभरच्या निवडक संगीतात केसरबाईंची एक भैरवी आहे. त्याच सप्टेंबरात त्या निवर्तल्या. पृथ्वीवर जिने कंठ मिटला होता तिचा ऐन भरातला स्वर आज आंतरतारकीय अवकाशात निघून गेला आहे. आजोबांना हे सांगितले असते तर ते म्हणाले असते, “पाहा, असे थांबावे!”

पण केसरबाईंना मंडळीचे बिऱ्हाड चालवावयाचे नव्हते, आणि दारात सावकार उभे नव्हते. थांबण्याचा मोठेपणा परवडावाही लागतो. हे म्हटल्याने त्यांचा निर्धार लहान होत नाही. मात्र तोच गज घेऊन नारायणरावांना मोजणे अन्यायाचे होते.

शिवाय थांबणे आणि तसेच रेटणे या दोनच वाटा आहेत, असेही इतिहास सांगत नाही. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ यांचाच आवाज ऐन उमेदीत, एका संस्थानात अतोनात गावे लागल्यामुळे बसला. परत आला तो पूर्वीचा गोड राहिला नाही. खाँसाहेबांनी जुना आवाज शोधीत बसण्याऐवजी नव्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी वक्र, गुंतागुंतीची गायकी रचली. ज्या जयपूर घराण्याचा आज गौरव होतो, त्याच्या मुळाशी ही मोडतोड आहे. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने काही वर्षे अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होते. लांब ताना गेल्या. मग त्यांनी लहान, तेजस्वी स्वरवाक्यांचे गाणे निर्माण केले आणि माळव्याच्या लोकधुनांतून राग काढले. हुबळीच्या गंगूबाई हनगळ यांचा आवाज गळ्यावरील शस्त्रक्रियेनंतर पुरुषी, घनगंभीर झाला. त्यांनी तो लपविला नाही. त्याच आवाजात त्या २००६ सालापर्यंत, वयाच्या ९३ व्या वर्षापर्यंत गायल्या. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना तर खरी कीर्ती साठीनंतर मिळाली, आणि १९९२ साली, ८१ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने जाईपर्यंत त्यांचे गाणे चढतेच होते. आणखी एक वाट कुंदगोळच्या सवाई गंधर्वांची. १९४२ साली पक्षाघाताने त्यांची मैफल थांबली. पण तोवर त्यांचा स्वर गंगूबाई आणि भीमसेन यांच्या गळ्यांत रुजला होता.

या सर्वांनी काय केले? त्यांनी गाणे सोडले नाही. पण कालचे गाणेही धरून ठेवले नाही. आज गळ्यात आहे त्याचे गाणे केले. आणि त्यांच्या श्रोत्यांनी ते करू दिले, हे आम्हाला तितकेच महत्त्वाचे वाटते. मन्सूरांच्या मैफलीला जाणारा रसिक त्यांच्या विशीतला आवाज मागत नसे. बालगंधर्वांकडे मात्र आपण सदैव १९१६ ची रुक्मिणी मागितली. त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले: एक तर रुक्मिणी हो, नाही तर घरी बस. रुक्मिणी झाले की हळहळावयाचे, आणि घरी बसले की विसरून जावयाचे.

म्हणूनच आयुष्याच्या शेवटी त्यांनी भजनाची वाट धरली, ती केवळ दारिद्र्याची खूण म्हणून पाहणे आम्हाला अपुरे वाटते. भजनाला साडी लागत नाही, तारुण्य लागत नाही. तेथे गाणारा कोणाचे रूप घेत नाही. आपल्या संतपरंपरेत थकलेल्या, चिरकलेल्या आवाजाला अप्रतिष्ठा नाही. वाळवंटात ऐंशी वर्षांचा वारकरी गातो त्याला ‘आता पुरे’ म्हणणारा आम्ही पाहिलेला नाही. स्वतःच्या वयात, स्वतःच्या वेषात बालगंधर्वांना बसता आले ते या एकाच जागी. म्हणजे अल्लादियाखाँनी जे गायकीत केले तेच, उशिरा आणि अधू पायांनी, बालगंधर्वांनीही केले होते. ते ऐकावयास आलेली माणसे थोडी होती, हा दोष त्यांच्या पदरी घालता येत नाही.

आम्ही केंद्र सरकारचे कारकून. नोकरीवर रुजू झालो त्याच दिवशी निवृत्तीची तारीख कागदावर निश्चित झाली. केंद्र सरकारची ही वयोमर्यादा पूर्वी ५५ होती; १९६२ साली ती ५८ आणि १९९८ साली ६० झाली. आम्ही केव्हा थांबावे हे आम्हाला कोणी विचारणार नाही, आणि आमच्या थांबण्याचे कोणी वाईटही वाटून घेणार नाही. वर, थांबल्यावर महिन्याच्या महिन्याला काही तरी हाती येत राहील. कलावंताला यातले काहीच नाही. बालगंधर्व साठ वर्षांचे झाले ते १९४८ साली. तेव्हा त्यांची ४३ वर्षांची नोकरी झाली होती. तिचा निर्वाहनिधी शून्य होता. महाराष्ट्र शासन आज वृद्ध कलावंतांना मानधन देते, ही चांगली गोष्ट आहे. ज्याला थांबता यावे असे वाटते त्याने आधी थांबणाऱ्याच्या चुलीची व्यवस्था पाहावी. ती नसेल तर ‘सन्मानाने निवृत्त व्हावे’ हा उपदेश ऐकणाऱ्याला ‘सन्मानाने उपाशी राहावे’ असाच ऐकू येईल.

तेव्हा वृद्ध गायकाने गात राहावे की नाही, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: तो निर्णय त्याचा आहे. केसरबाईंप्रमाणे त्याने गाणे मिटले तर नमस्कार करावा. तो गात राहिला तर त्याच्याकडे त्याचे आजचे गाणे मागावे, कालचे मागू नये. कालचे गाणे तबकडीत सुखरूप आहे. ते कोणी पुसू शकत नाही. आजोबांची भीती त्यापुरती खोटी होती. बर्मिंगहॅमला त्या दिवशी जे जमले ते आवाजाची परीक्षा घेण्यास जमले नव्हते. ज्याने पन्नास वर्षे सोबत केली त्याला पोचविण्यास जमले होते. हे आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही पुढे एकदा सांगितले. ते काही बोलले नाहीत. निघताना मात्र त्यांनी विचारले, “तुमचे ते बालगंधर्व कोठे ऐकावयास मिळतील?”

आजोबा गेले त्यास आता पुष्कळ वर्षे झाली. ती तबकडी आमच्याकडे हेब्बाळला आली आहे, त्याच फडक्यात. आजोबांच्या अखेरच्या दिवाळीस, पहाटे, ती लावण्यास त्यांनी सांगितले. पद संपले, सुई खरखरत राहिली, आणि ते आजीकडे न पाहता म्हणाले, “त्या दिवशी तू काय ऐकलेस, ते मी विचारावयास हवे होते.” आजीने तबकडी उचलली, पुसली, फडक्यात गुंडाळली. मग म्हणाली, “आवाज राहिला नव्हता. पण गाणारे तेच होते.”